नजरगहाण

कर्जव्यवहाराच्या मराठी परिभाषेत ‘नजरगहाण’ असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. सोने गहाण ठेवले की ते सावकाराच्या तिजोरीत जाते. मोटार, यंत्र किंवा दुकानातील माल यांचे तसे करता येत नाही. या वस्तू वापरात राहिल्या नाहीत तर कर्ज फेडण्याचे साधनच नाहीसे होईल. म्हणून त्या ऋणकोच्या हाती राहतात आणि धनकोचा हक्क त्यांच्यावर केवळ नजर ठेवून असतो. वस्तू आपल्या दारात उभी, किल्ली आपल्या खिशात, आणि तरीही ती पूर्णपणे आपली नाही, ही अवस्था हा शब्द नेमकी सांगतो. कर्ज फिटले की नजर उठते, असे व्यवहार मानतो. ती खरोखर उठते का, आणि उठावी का, हा या लेखाचा विषय आहे.

पहिली मोटार ही मध्यमवर्गीय आयुष्यातील मोठी घटना असते. ती घेऊ पाहणाऱ्याला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. एक लिटरात ती किती धावते, सुटे भाग कुठे मिळतात, विकताना किती किंमत येईल, नवी घ्यावी की जुनी, हे प्रश्न कोणीही अडाण्यासारखे विचारत नाही. त्यांत घामाच्या पैशाची काळजी असते. परंतु हे सगळे प्रश्न अखेरीस ‘मला काय मिळेल’ या एकाच प्रश्नाची पोटकलमे आहेत. मोटार घेतल्यावर मी कोणाचे देणे लागेन, हा प्रश्न त्या यादीत बहुधा नसतो. त्याचा विचार करण्यास दिल्लीतील सरोजिनी नगर ही वसाहत मला फार उपयोगी वाटते, कारण माझे लहानपण तिथे गेले आणि मोटार या वस्तूचा नैतिक इतिहास तिथल्या गल्ल्यांत जवळून पाहता आला.

सरोजिनी नगर ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी स्वातंत्र्यानंतर उभी राहिलेली वसाहत. शेजारी नेताजी नगर, नौरोजी नगर, लक्ष्मीबाई नगर. नव्या राष्ट्राने आपल्या कारकुनांना घरे देताना त्यांच्या पत्त्यांतच आपला इतिहास लिहून ठेवला होता. पण ही घरे कोणाच्याही मालकीची नव्हती. पगाराच्या श्रेणीप्रमाणे क्वार्टर मिळे, बढती झाली की बदले, निवृत्ती आली की रिकामे करावे लागे. पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेपर्यंत मुलांना बसने पाठवणारे मराठी कुटुंब असो की फाळणीनंतर आलेले पंजाबी कुटुंब असो, घर सरकारचे, नोकरी सरकारची, दारातला कडुनिंबही सरकारचा. अशा ठिकाणी आपल्या नावावर नोंदलेली पहिली मोठी वस्तू पुष्कळदा मोटार किंवा स्कूटर असे. तिच्याकडे माणसे ज्या मायेने पाहत, तिचे एक कारण हे होते.

आणि तीही पूर्णपणे आपली नसे. सरकारी कर्मचाऱ्याला मोटार घेण्यासाठी सरकारकडून अग्रिम मिळे. त्याची वसुली पगारातून दरमहा होई. आधी मुद्दल फिटे, मग व्याज. तारण म्हणून जे गहाणखत लिहून द्यावे लागे ते भारताच्या राष्ट्रपतींच्या नावे असे. एखाद्या मंत्रालयातील सेक्शन ऑफिसरची जुनी फियाट राष्ट्रपती भवनातील व्यक्तीकडे गहाण पडलेली आहे, ही कल्पना आम्हा मुलांना गमतीची वाटे. शिवाय १९६४ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे ठराविक किमतीपुढील वस्तू घेतली तर कार्यालयाला कळवावे लागे. पैसा कुठून आला हे विचारण्याचा अधिकार सरकारला होता. सातव्या वेतन आयोगानंतर मोटारीचा हा अग्रिम बंद झाला आणि बँकांनी त्याची जागा घेतली. व्यवहाराच्या दृष्टीने काही बिघडले नाही. पण एक आशय मात्र त्या जुन्या कागदाबरोबर गेला. राष्ट्रपती हे कोणी सावकार नव्हते; त्यांचे नाव म्हणजे सर्वांचे नाव. खाजगी मोटारीवर लोकांची नजर गहाणखताच्या रूपाने नोंदलेली होती, असे त्या कागदाचे वाचन करता येते.

ते वाचन केवळ कागदापुरते नव्हते. आमच्या ब्लॉकमध्ये सत्तरच्या दशकात जी पहिली मोटार आली ती कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली, दोन मालकांच्या हातून आलेली फियाट होती. तिचे मालक वरच्या मजल्यावरचे काका. थंडीच्या सकाळी ती ढकलून सुरू करावी लागे आणि ढकलायला चार घरचे पुरुष खाली येत. रात्री कोणाला सफदरजंग रुग्णालयात न्यायचे असले, गावाहून येणाऱ्या आजीला नवी दिल्ली स्टेशनवरून आणायचे असले, तर काकांचे दार वाजे. त्यांनी पेट्रोलचे पैसे कधी घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे लाडवांचा डबा किंवा सरसोंच्या भाजीचे पातेले जाई. मोटार एकाची आणि उपयोग ब्लॉकचा, असा तो व्यवहार होता.

मालमत्ता खाजगी असावी, पण तिचा उपयोग सामाईक असावा, असे मत ॲरिस्टॉटलने आपल्या ‘राज्यशास्त्रा’च्या दुसऱ्या भागात मांडले आहे. त्याने स्पार्टाचे उदाहरण दिले: तेथील लोक एकमेकांचे घोडे आणि कुत्रे आपलेच असल्याप्रमाणे वापरीत, आणि प्रवासात शिदोरी संपली तर वाटेतल्या शेतातून घेत. गांधीजींची विश्वस्तवृत्तीची कल्पना वेगळ्या परंपरेतून आली असली तरी तिचाही रोख हाच आहे: धन ज्याच्या हाती आहे त्याने स्वतःला त्याचा विश्वस्त समजावे. काकांनी हे ग्रंथ वाचले होते की नाही मला माहीत नाही. पण त्यांची फियाट या विचाराचे चालते उदाहरण होती, आणि जुन्या मोटारीच्या आठवणी सांगणारी माणसे बहुधा याच गोष्टीसाठी हळवी होतात.

या हळवेपणापाशी थांबले तर विचार अपुरा राहील. ॲरिस्टॉटलच्या त्याच यादीत घोडे व कुत्रे यांच्याबरोबर गुलामही आहेत. स्पार्टाचे नागरिक एकमेकांचे गुलाम उदारपणे वापरू देत. त्या औदार्याबद्दल गुलामांना कोणी विचारले नव्हते. आमच्या ब्लॉकमधील औदार्यालाही सीमा होत्या. काकांचे दार मध्यरात्री वाजवण्याचा धीर शेजारच्या अप्पर डिव्हिजन क्लार्कला होता. जिना झाडणाऱ्या माणसाला तो होता का? भांडी घासायला येणाऱ्या बाईला होता का? तिचे मूल आजारी पडले तेव्हा ती बसची वाट पाहत उभी राहिली असेल. तिने मागितले नाही, म्हणून कोणी नाकारलेही नाही. सामाईक उपयोग हा शेवटी ज्यांना मागता येत होते त्यांच्यापुरता सामाईक होता.

ज्यांना मागता येत होते त्यांनाही तो फुकट मिळत नव्हता. मराठीत ‘मिंधा’ हा एक कठोर शब्द आहे. एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नात ती फियाट मागितली आणि काकांनी ती आनंदाने, फुलांनी सजवून दिली. त्यानंतर वसाहतीच्या समितीत पाण्याच्या टाकीचा वाद निघो की गणपतीच्या वर्गणीचा, त्या गृहस्थांनी काकांच्या विरुद्ध कधी शब्द काढला नाही. काकांनी त्यांना गप्प केले नव्हते. काकांच्या तर ते ध्यानातही आले नसावे. उपकार हा असाच काम करतो. देणारा विसरतो तेव्हा तो थोर ठरतो. घेणारा विसरला तर कृतघ्न ठरतो. जिथे देण्याचा हक्क नेहमी एकाच बाजूला असतो, तिथे प्रेम असले तरी समता नसते.

म्हणूनच १९८३ साली जे घडले त्याला केवळ उपभोगाची सुरुवात म्हणून हिणवणे मला पटत नाही. त्या वर्षीच्या वसंतात मारुतीची नोंदणी सुरू झाली आणि दोनएक महिन्यांत लाखाहून अधिक लोकांनी प्रत्येकी दहा हजार रुपये भरून नावे घातली. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली हरपाल सिंग यांना मिळाली. ते इंडियन एअरलाइन्सचे कर्मचारी, राहणारे सरोजिनी नगरपासून जवळच असलेल्या ग्रीन पार्कचे. ती गाडी त्यांनी २०१० मध्ये निधन होईपर्यंत जवळ ठेवली. तोवर मोटार म्हणजे वर्षानुवर्षांची प्रतीक्षा, ओळख आणि वशिला. आता सोडत निघाली की नंबर लागत होता. पन्नास हजारांच्या आसपास किमतीच्या या लहान गाडीने पुष्कळ कुटुंबांना शेजाऱ्याचे दार वाजवण्यापासून मुक्त केले. शिक्षिका, परिचारिका, कार्यालयात जाणाऱ्या स्त्रिया ती हलकी गाडी स्वतः चालवू लागल्या, आणि रात्री घरी परतण्यासाठी कोणा पुरुषाची वाट पाहण्याची गरज त्यांना उरली नाही. मिंधेपण संपणे ही नैतिक दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

अडचण पुढे आली. १९९१ नंतर कर्जे सोपी झाली, कारखाने वाढले आणि ब्लॉकमधील एकेका घरापुढे मोटार उभी राहिली. आता कोणी कोणाकडे मागत नव्हते, त्यामुळे कोणी कोणाचे देणेही लागत नव्हते. ज्या वसाहतीचा आराखडा सायकलवरून सचिवालयात जाणाऱ्यांसाठी काढला गेला होता, तिथे मुलांच्या खेळण्याची जागा पत्र्याने भरली. लहानशी मारुती उभी राहिली तरी सुमारे पाच चौरस मीटर जमीन घेते, आणि कार्यालयात नेण्या-आणण्याचे दोन तास सोडले तर दिवसाचे बावीस तास ती उभीच असते. ती जमीन मालकाने विकत घेतलेली नसते. शेजाऱ्यांत जी भांडणे पूर्वी पाण्यावरून होत ती आता जागेवरून होऊ लागली. बाजारासाठी बहुमजली वाहनतळ बांधावा लागला. एकेकाळी मोटारीमुळे चार पुरुष सकाळी खाली जमत; आता मोटारीमुळेच ते एकमेकांशी बोलेनासे झाले.

मग जुन्या काळाकडे परत जावे का? ते शक्य नाही, आणि मिंधेपणाचा विचार केला तर इष्टही नाही. पण देणे संपले हा समज मात्र तपासून पाहिला पाहिजे. मला असे वाटते की देणे संपले नाही; धनको बदलला. पूर्वीचा धनको दार वाजवून येत असे. आताचा धनको दार वाजवत नाही, कारण आपण त्याचे काही लागतो हे त्यालाही ठाऊक नसते.

तो कोण, हे कायद्याने एका शब्दात सांगून ठेवले आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालकाने स्वतःच्या गाडीचा विमा उतरवलाच पाहिजे असे नाही. तिचे नुकसान सोसायचे की नाही हा त्याचा प्रश्न आहे. सक्ती आहे ती ‘त्रयस्थ’ व्यक्तीसाठी उतरवण्याच्या विम्याची. विमा कंपनी हा एक पक्ष, मालक हा दुसरा, आणि जो अजून भेटलेला नाही, ज्याचे नाव माहीत नाही, जो कदाचित कधीच भेटणार नाही, तो तिसरा. मोटार रस्त्यावर आणण्यापूर्वी या अनोळखी माणसाच्या हिताची तजवीज करा, असे कायदा सांगतो. आपल्या परंपरेने देव, ऋषी आणि पितर यांची ऋणे मोजली, आणि शतपथ ब्राह्मणाने त्यांत मनुष्यांचेही ऋण मिळवले. आधुनिक कायद्यातील हा त्रयस्थ म्हणजे त्या चौथ्या ऋणाचाच धनको आहे, असे मी मानतो. फरक इतकाच की कायदा त्याला फक्त अपघाताच्या क्षणी ओळखतो. नीतीने त्याला रोज ओळखावे.

२०११ च्या जनगणनेत देशातील शंभर कुटुंबांपैकी पाचांकडेही मोटार नव्हती. दिल्लीसारख्या मोटारींच्या शहरातही ती साधारण पाचांत एका घरी होती. म्हणजे रस्ता, पदपथ आणि हवा यांच्या पाच वाटेकऱ्यांपैकी चौघे त्रयस्थ होते. हवेचे देणे तर आपण फार काळ न कळत करीत आलो. काकांच्या ज्या फियाटची मी आठवण सांगितली तिच्या धुरात शिसे होते. दिल्लीत शिसेयुक्त पेट्रोलची विक्री १९९८ मध्ये थांबली. त्यामुळे काकांची माया खोटी ठरत नाही. पण आजारी शेजाऱ्याला रुग्णालयात पोचवणारी तीच गाडी वाटेतल्या मुलांच्या श्वासात काही ठेवून जात होती, हेही तितकेच खरे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेलच्या आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोलच्या गाड्या चालवण्यास मनाई कायम केली. २०२५ मध्ये तिच्या अंमलबजावणीवरून मोठा वाद झाला आणि न्यायालयाला तिचा पुन्हा विचार करावा लागला. जीव लावलेली गाडी मोडीत कशी काढायची, हे मालकाचे दुःख त्या वादात ठळक ऐकू आले. ते दुःख मी खोटे म्हणणार नाही. परंतु नजरगहाण वस्तूवर धनकोने हक्क सांगितला की ऋणकोला नेहमीच ते अन्यायाचे वाटते, हेही ध्यानात ठेवावे.

आता सल्ल्याकडे वळतो. पहिली मोटार घेणाऱ्याला तो हवाच असतो. ती जुनी असेल तर इंजिन थंड असताना, सकाळी पाहावी. आधीच तापवून ठेवलेले इंजिन पुष्कळ दोष लपवते. पायाखालचे गालिचे उचलून गंज शोधावा. टायर एका बाजूने अधिक झिजले असतील तर कारण विचारावे. इंजिनाचा आणि सांगाड्याचा क्रमांक नोंदणीच्या कागदाशी स्वतः ताडून पाहावा, आणि आधीच्या कर्जाची नोंद उतरवली आहे की नाही याची खात्री करावी. हे सर्व खरे. पण विकणाऱ्याने सत्य सांगितले तर यातील निम्मे श्रम वाचतील. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन दाखवले की दोष फक्त विकणाऱ्याला ठाऊक असेल तर चांगल्या वस्तूही हळूहळू बाजारातून बाहेर पडतात. खोटे हे एका ग्राहकाला फसवून थांबत नाही, ते बाजारच नासवते.

याबाबतीत सरोजिनी नगरच्या बाजाराने मला अधिक शिकवले. परदेशी जाण्यासाठी शिवलेले आणि काही कारणाने राहिलेले कपडे तिथे ढिगाने विकले जातात. एखादे बटण नाही, कुठे शिवण उसवली आहे, कुठे रंगाचा डाग आहे. दोष असतो म्हणूनच किंमत कमी असते आणि दोन्ही पक्षांना ते ठाऊक असते. गिऱ्हाईक कपडा उजेडात धरते, विक्रेता डोळे मिचकावतो, घासाघीस होते. दोष उघड असलेला तो व्यवहार मला चकचकीत दालनांतल्या पुष्कळ व्यवहारांपेक्षा प्रामाणिक वाटतो. आपली जुनी मोटार विकणाऱ्याने तिला एवढ्याच उजेडात धरावे.

याहून महत्त्वाचा सल्ला मात्र गाडीविषयी नसून घेणाऱ्याविषयी आहे. घेण्यापूर्वी एक महिना वही ठेवावी आणि मोटारीवाचून खरोखर अडले असे किती दिवस आले ते लिहावे. घरात चालू न शकणारे वडीलधारे माणूस असेल, रात्रपाळीची नोकरी असेल, तर ती वही पहिल्याच आठवड्यात उत्तर देईल, आणि मग संकोच करू नये. उत्तर दोन-तीन दिवस असे आले तर भाड्याच्या गाडीचा हिशेब करावा. ऑगस्ट २०१८ पासून सरोजिनी नगरला मेट्रोचे स्थानक आहे. तिथवर चालत जायला चांगला पदपथ मागणे हे मोटार घेण्याइतकेच नागरिकाचे काम आहे. पुढचा प्रश्न, ती उभी कुठे राहील? आपल्या दारात मुलांचे मैदान, दुसऱ्याचा रस्ता किंवा झाडाचे आळे असेल, तर ती जागा रिकामी आहे असे म्हणू नये. आणि शेवटचे: किल्ली हाती आली की दार न वाजवू शकणाऱ्या एका तरी माणसाचे दार आपण होऊन वाजवावे. भांडी घासणाऱ्या बाईने मागेपर्यंत वाट पाहिली तर तिला मिंधे व्हावे लागेल. आधीच विचारले तर तिला फक्त ‘हो’ म्हणावे लागेल.

सरोजिनी नगरची ती जुनी वसाहत आता फारशी उरलेली नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. त्यांतील १२,९७० घरांच्या जागी २५,६६७ घरे बांधण्याची ती योजना होती. २०१८ च्या जूनमध्ये लोक झाडांना वाचवण्यासाठी रस्त्यावर आले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबवली, तेव्हा कडुनिंब कोणाचा हा जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. उंच इमारतींखाली आता मोटारींसाठी तळघरे असतात. गाडी जमिनीखाली गेली की शेजाऱ्याशी भांडण टळते, हा लाभच आहे. पण डोळ्यांआड गेलेल्या वस्तूवरची नजर लवकर पुसली जाते. कर्जाचा शेवटचा हप्ता भरला की बँक एक कागद देते आणि नोंदणीपुस्तकातील तिचे नाव उतरते. त्या दिवशी घरात पेढे वाटावेत; मेहनतीने फेडलेल्या कर्जाचा आनंद रास्त आहे. दुसऱ्या दिवशी गाडी बाहेर काढताना मात्र पदपथ नसल्यामुळे रस्त्याच्या कडेने चालणारा जो माणूस समोर दिसेल, त्याला आधी वाट द्यावी. त्याचे नाव कोणत्याही कागदावर नव्हते, म्हणून ते उतरवताही येत नाही.